अनुभव कक्ष, दुसरा मजला

ठाणे, १० जून २०२४

प्रिय रवी,

जय भीम.

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम छापून चिकटवलाय. माझं अक्षर ओळखलं असतंस तर पाकीट फोडलंच नसतंस. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, ते मी समजू शकतो. तसाही सकाळी नऊ ते साडेपाच माझा फोन माझ्याकडे नसतो. खाली गेटवरच्या लॉकरमध्ये असतो.

आता तुला कळलं असेल मी कुठून लिहितोय.

हो. गेल्या सोमवारपासून मला गोडाऊनमध्ये बसवलंय. दुसरा मजला, सॅम्पल स्टोअरची जुनी खोली. दारावर पाटी तीच, 'अनुभव कक्ष'. तू होतास तेव्हा चौदा जण होते, आता माझ्यासकट सहा. खिडकीच्या काचांना पांढरा रंग आहेच. कोपऱ्यातला कॅमेरा बदललाय. नवा गोल आहे, कुणाकडे बघतोय ते कळत नाही. बाकी तुला पाठच आहे. नऊला यायचं, फोन जमा करायचा, खुर्चीत बसायचं. काम नाही. पेपर वाचायचा नाही, डोळे मिटायचे नाहीत. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ खुर्ची सोडली तर रजिस्टरात कारण लिहायचं. साडेपाचला घरी.

वही-पेन चालतं. कागदोपत्री हे 'पंचावन्न वर्षांवरील कर्मचाऱ्यांचं फेरप्रशिक्षण' आहे, आणि प्रशिक्षणात नोट्स घ्याव्या लागतात. म्हणून हे पत्र. लांबून बघणाऱ्याला वाटेल तांबेसाहेब नोट्स घेतायत.

तू हसशील. हस. तुम्हा सगळ्यांना ज्याने पत्र देऊन जिना चढायला लावला, तो पर्सोनेलचा प्रफुल्ल तांबे आता त्याच पंख्याखाली बसलाय.

झालं असं की मार्चमध्ये प्लँट हेड सलिल सरांनी नवी एचआर हेड आणली. संचिता देसाई, वय बत्तीस. हजेरी, रजा, पगारपत्रक सगळं सॉफ्टवेअरवर गेलं. माझ्या टेबलावरच्या फायली एकेक करून स्कॅन होऊन निघून गेल्या. शेवटी टेबलावर कॅलेंडर आणि पाण्याची बाटली राहिली. मग तिने बोलावलं. मला ती 'सर' म्हणते.

"सर, सलिल सरांचा विचार आहे की तुम्ही काही दिवस अनुभव कक्षात बसावं."

मी बोललो, "संचिता, मी सत्तावन्न वर्षांचा आहे."

ती टेबलाकडे बघत बोलली, "म्हणूनच, सर."

पत्र तिने दोन हातांनी दिलं. मजकूर माझाच होता. तुला दिलेल्या पत्रातलं नाव आणि तारीख तेवढी बदललेली.

रवी, तुम्हा लोकांच्या बाबतीत जे झालं ते वरून आलेलं. मी फक्त पत्रं वाटली. तेव्हाही तुला हेच सांगितलेलं, आजही तेच सांगतो. तुझ्या आईच्या, केशरमावशीच्या वेळी निरोप उशिरा पोचला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नीलाला अजून काही सांगितलेलं नाही. ती रोज डबा देते, मी रोज वर्तकनगरातून चालत निघतो, ओळखीची माणसं रोजच्यासारखी हात करतात. संध्याकाळी ती विचारते, "आज फार काम होतं का हो? चेहरा उतरलाय." मी हो म्हणतो.

तू कसा आहेस? डोंबिवलीला कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर उभा असतोस असं कानावर आलं. खरं आहे का? तुझ्यासारखा साचे घडवणारा डायमेकर गेटवर?

उत्तर दिलंस तर घरच्या पत्त्यावर दे.

तुझा,
प्रफुल्ल


ठाणे, २ जुलै २०२४

प्रिय रवी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितो, कारण साडेआठ तास फार मोठे असतात. हे तुला मी सांगायला नको.

इथे माझ्या डाव्या हाताला चांगदेव भोईर बसतो. क्रेनवरचा. कल्याणच्या पलीकडे त्याचं गाव, शेतावर आता टॉवर उभे राहिलेत. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अजून बाइकवरून येतो. त्याला सांगितलं की क्रेनला आता पन्नाशीच्या आतलाच ऑपरेटर लागतो, सेफ्टी पॉलिसी आहे. अशी पॉलिसी कुठेच नाही, मला माहीत आहे. समोर पॅकिंगची विमलाबाई. ती दिवसभर पदराच्या टोकाची घडी घालते आणि उलगडते. बाकीचे तिघे भिंतीकडे बघतात, बोलत नाहीत.

पहिल्या आठवड्यात माझ्याशी कुणी बोललं नाही. मी आत आलो की बोलणं थांबायचं. मी हेरायला आलोय असंच त्यांना वाटलं. मग एके दिवशी चांगदेव उठला, दाराच्या आतल्या बाजूला लावलेला नियमांचा कागद बोटाने दाखवला आणि बोलला, "सायेब, यो कागद तुमचाच ना? खाली सही तुमचीच हाय. मंग वाचा आता बसून."

बाकीचे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

त्यानंतर बोलणं सुरू झालं. परवा विमलाबाईने सरळ विचारलं, "प्रफुल्लदादा, आम्हाला इथं पाठवलंत तेव्हा काय वाटलेलं तुम्हाला? किती दिवस टिकू आम्ही?"

मी बोललो, "असं काही नव्हतं हो, विमलाबाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग परत पदर हातात घेतला.

रवी, तसं होतं. आकडाच लिहिलेला होता. 'चार ते सहा महिने.'

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते वरून आलेलं नव्हतं. वरून एवढंच आलेलं की पंचावन्नच्या पुढची माणसं कमी करायची आहेत. आपल्याकडे निवृत्ती साठला. काढायचं तर चौकशी लागते, कारण लागतं, कामगार आयुक्तांकडे उत्तरं द्यावी लागतात. ऑगस्ट २०२२ मध्ये सलिल सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "तांबे, तुम्ही या माणसांना तीस वर्षं ओळखता. यांना काय सहन होत नाही?"

मी तिथेच उत्तर दिलं. मला विचारही करावा लागला नाही. बोललो, "रिकामं बसणं."

त्या संध्याकाळी मी दोन पानांचं टिपण हाताने लिहिलं आणि सकाळी टाइप करून दिलं. खोली, लॉकर, रजिस्टर, रंगवलेल्या काचा, सगळं त्यात होतं. अनुभव कक्ष हे नावही माझंच. तू, चांगदेव, विमलाबाई, तुम्ही काम केल्याशिवाय राहू शकत नाही हे मला माहीत होतं, आणि तेच मी वापरलं.

मला वाटलेलं हे लिहिल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आत्ता तीन वाजून दहा मिनिटं झालीत.

तू म्हणशील, आता नोकरी सोड ना. मी बघून आलोय. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका लेबर एजन्सीकडे गेलेलो, रजा टाकून. तिथल्या माणसाने अर्ज वाचला, माझ्या केसांकडे बघितलं आणि बोलला, "काका, तुमच्या अनुभवाला साजेसं आमच्याकडे काही नाही." असंच वाक्य मीही शंभर जणांना ऐकवलंय. शिवाय नीलाची इंजेक्शनं कंपनीच्या मेडिक्लेमवर आहेत. सांधे धरतात तिचे, इंजेक्शन चुकलं की चहाचा कप उचलता येत नाही. मी राजीनामा दिला त्या दिवशी ते कार्ड बंद.

माणूस कुठे कुठे अडकलेला असतो याची यादी माझ्याकडे तयार असायची, रवी. कुणाचं कर्ज, कुणाचं आजारपण. तीच यादी आता माझ्यावर चालतेय.

प्रफुल्ल


डोंबिवली पूर्व, ५ ऑगस्ट २०२४

प्रफुल्ल भावजी,

जय भीम. मी दर्शना.

तुमची दोन्ही पत्रं मी फोडली. हे हात लावत नाहीत. पहिलं आलं तेव्हा ठाण्याचा शिक्का बघूनच टेबलावर ठेवलं आणि ड्युटीला गेले. म्हणून उत्तर मी लिहितेय.

तुम्ही विचारलंत गेटवर उभे असतात का. हो, असतात. बारा तास. सोसायटीवाल्यांनी खुर्ची दिलीय, चांगली गादीची. हे बसत नाहीत. सेक्रेटरी मला एकदा बोलले, "वहिनी, त्यांना सांगा बसायला, पाय सुजतात त्यांचे." घरीसुद्धा जेवायला तेवढे खाली बसतात, एरवी खिडकीशी उभे. हे गोडाऊनमुळे झालंय. चार महिन्यांत तिथे काय झालं ते यांनी मला कधी सांगितलं नाही. तुमच्या पत्रातून कळलं.

आता एक मी सांगते. तुम्ही लिहिलंत, आईंच्या वेळी निरोप उशिरा पोचला. जसा काही रस्त्यात ट्रॅफिक होता. भावजी, फोन मी केलेला. अकरा वाजून वीस मिनिटांनी, कळव्याच्या दवाखान्यातून, ऑफिसच्या नंबरवर. आणि फोन तुम्हीच उचललात. मी बोलले, आई शेवटच्या आहेत, यांचं नाव घेतायत, यांना लगेच पाठवा. तुम्ही बोललात, "हो वहिनी, आत्ता सांगतो." तुमचा आवाज मी ओळखत नाही असं वाटलं का तुम्हाला? लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय.

हे साडेतीनला पोचले. आई तीनला गेल्या. साडेतीन तास त्या दाराकडे बघत होत्या.

यांना मी तेव्हा एवढंच सांगितलं की फोन ऑफिसात कुणीतरी घेतला. कुणी ते नाही सांगितलं. वाटलं, आईच्या मागे यांचा लहानपणचा मित्रही जायला नको. पण यांना कळलंच असणार. दोन वर्षं होत आली, तुमचं नाव काढत नाहीत.

तुम्हाला पत्रं लिहून बरं वाटत असेल. मला वाचून बरं वाटत नाही. यांनी राजीनाम्यावरून कंपनीवर केस टाकलीय, त्यात तुम्ही कंपनीच्या बाजूने कोर्टात लिहून दिलंय की ती खोली शिकवण्यासाठी होती आणि यांनी राजीनामा आपखुशीने दिला. आमच्या वकीलबाई दीप्ती ओव्हाळ सांगतात, तुमची उलटतपासणी नोव्हेंबरात आहे. तुम्ही ती दोन पानं हाताने लिहिलीत म्हणता. तुमची सवय मला माहीत आहे, तुम्ही किराणाची यादीसुद्धा फाइल करून ठेवता. तो कागद तुमच्याकडे आहे.

पत्रं नकोत. तो कागद आणा.

दर्शना


ठाणे, १९ ऑगस्ट २०२४

प्रिय रवी, आणि वहिनी,

कागद आहे. घरी कपाटात, दीक्षाभूमीच्या फोटोमागच्या फाइलमध्ये. दोन वर्षांत एकदाही उघडलेला नाही.

वहिनी, तुम्ही जे लिहिलंत ते सगळं खरं आहे. आता उरलेलं मी सांगतो.

फोन मी उचलला. चिठ्ठीवर लिहिलं, 'रवींद्र सकपाळ, आई सीरियस, लगेच'. जिन्याकडे निघालो. साडेअकराला कॉन्फरन्स रूममध्ये माझं प्रेझेंटेशन होतं. विषय होता, अनुभव कक्षाचे पहिल्या चार महिन्यांतले निष्कर्ष. चौदापैकी आठ गेले, सहा उरले. जिन्याच्या तळाशी सलिल सर भेटले, हेड ऑफिसची माणसं त्यांच्याबरोबर. "चला तांबे, सगळे आलेत." माझ्या हातात चिठ्ठी होती. मी एवढंच बोलायचं होतं, "दोन मिनिटं सर, एकाच्या घरून फोन आहे." पण त्या खोलीतल्या माणसाला कामाच्या वेळेत बाहेरचा निरोप द्यायचा नाही, असा नियम मीच आठवडाभरापूर्वी काढलेला. तो त्यांच्यासमोर मोडायचा मला धीर झाला नाही.

चिठ्ठी खिशात घातली. मनात बोललो, म्हातारी माणसं असतातच सीरियस, अर्ध्या तासाने सांगू. प्रेझेंटेशन लांबलं. मग जेवण झालं त्यांच्याबरोबर. मी जेवलो, रवी. वर येऊन चिठ्ठी तुला दिली तेव्हा दोन चाळीस झालेले.

तू खुर्चीतून उठलास तेव्हा माझ्याकडे बघितलंसही नाहीस, धावत गेलास. चिठ्ठीवर मी वेळ टाकलेली होती, अकरा वीस. सवय. ती चिठ्ठी तुझ्या हातात होती. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

केशरमावशीने मला किती वर्षं जेवू घातलं ते मी इथे लिहीत नाही. लिहायचा हक्क नाही.

पुढच्या आठवड्यात तू राजीनामा द्यायला आलास. कारणाच्या रकान्यात तू 'आई' एवढंच लिहिलेलंस. मी नवा फॉर्म दिला आणि बोललो, "वैयक्तिक, असं लिही." तू लिहिलंस. तोच फॉर्म कंपनीने कोर्टात लावलाय.

अजून एक राहिलं. ऑगस्ट २०२२ ची ती पंचावन्नच्या पुढच्यांची यादी एकवीस नावांची होती. सातवं नाव माझं होतं. टिपण दिल्यावर सलिल सरांनी त्यावर रेघ मारली, माझ्यासमोर, हसत. मला त्या दिवशी इतकं सुटल्यासारखं वाटलं की घरी जाताना मी नीलासाठी गजरा घेतला.

कागद आणायचा तर काय होईल ते मला नीट माहीत आहे. मी शपथेवर खोटं लिहून दिल्याचं सिद्ध होईल. कंपनी माझ्यावर चौकशी लावेल. नीलाचं कार्ड जाईल. मी हो म्हणत नाही, वहिनी. नाहीसुद्धा म्हणत नाही. मला वेळ द्या.

प्रफुल्ल


ठाणे, १४ नोव्हेंबर २०२४

रवी,

आज संचिताने मला खाली बोलावलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या जुन्या टेबलापाशी नवी खुर्ची ठेवलेली.

"सर, कॉफी?"

मी नको बोललो. ती बसली, उठली, परत बसली. मग बोलली, "सर, अठ्ठावीस तारखेला तुमची साक्ष आहे ना? आपले वकील बोलले. आमच्या कुणाच्या ते लक्षातच नव्हतं. तुम्हाला वर बसवायला नको होतं."

"मग?"

"तारीख झाली की तुम्हाला खाली घ्यायचं ठरलंय. सल्लागार म्हणून. साठपर्यंत. मेडिक्लेम चालू. फक्त तुम्ही जे अ‍ॅफिडेव्हिटमध्ये लिहिलंय तेच तिथे सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

तिने उठून दार लोटलं. मग हळू आवाजात, "सर, मीपण नोकरीच करते. सलिल सरांनी मला विचारलेलं, तांबेंना काय सहन होणार नाही? मी सांगितलं, मला माहीत नाही."

तिच्याबद्दल मला राग आला नाही, रवी. ती 'माहीत नाही' बोलली. मला ते बोलता आलं नव्हतं.

वर आलो. चांगदेवने विचारलं, "काय बोलली?" मी सगळं सांगितलं. विमलाबाई बोलली, "जा दादा खाली. आम्ही असतो तर गेलो असतो." ती टोमणा मारत नव्हती. मनापासून सांगत होती, आणि त्यानेच जास्त लागलं.

घरी येऊन नीलाला सांगितलं. सगळं. पाच महिन्यांचं खोटं, खोली, यादी, फोन. ती भाजी निवडत होती. केशरमावशीच्या फोनपाशी तिचे हात थांबले. ती उठून आत गेली. मला वाटलं रडतेय. ती फाइल घेऊन बाहेर आली. फाइल कुठे आहे हे तिला आधीपासून माहीत होतं, आत काय आहे ते नव्हतं. चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. मग बोलली, "माझ्या इंजेक्शनांच्या आड लपू नका. त्यांचं बघू काहीतरी."

मी बोललो, "नीला, काहीतरी म्हणजे काय? काही नाहीये."

"मग नसू दे," ती बोलली.

तिने जेवण वाढलं, पण माझ्याबरोबर बसली नाही. पुढचे आठ दिवस तरी ती माझ्याशी कामापुरतंच बोलेल, हे मला दिसतंय.

प्रफुल्ल


ठाणे, २९ नोव्हेंबर २०२४

रवी,

काल तू होतास तिथे, सगळं ऐकलंस. तरी लिहितो, कारण मी पिंजऱ्यात उभा असताना तू मान खाली घातलेलीस आणि मला तुझा चेहरा दिसला नाही.

दीप्ती ओव्हाळ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "प्रशिक्षण कशाचं होतं?" लगेच दुसरा, "कोण शिकवायचं?" मी बोललो, "कुणी नाही." तेव्हा कंपनीच्या वकिलांनी मान वर केली. बाई पुढे बोलल्या, "अ‍ॅफिडेव्हिटच्या चौथ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय की अर्जदाराने राजीनामा स्वेच्छेने दिला. ते खरं आहे?"

मी बोललो, "नाही. त्यांनी राजीनामा द्यावा म्हणूनच ती खोली काढलेली. कल्पना माझी होती." आणि खिशातून ती दोन पानं काढली. पट्टेवाल्याने ती जजसाहेबांपुढे नेऊन ठेवली.

मग कंपनीच्या वकिलांनी मला अर्धा तास सोललं. तुम्ही चिडला आहात कारण तुम्हालाही तिथे बसवलं, हो की नाही? मी बोललो, हो. तुम्हाला बसवलं नसतं तर तुम्ही आज हे बोलला असतात? साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी बोललो, "नसतो बोललो."

तेही लिहून घेतलं गेलं.

फोनबद्दल मात्र कुणी विचारलं नाही. मी वाट बघत होतो. चिठ्ठी, अकरा वीस, दोन चाळीस, सगळं सांगायची तयारी होती. साहेब बोलले, "साक्षीदाराने खाली उतरावं," आणि मी उतरलो.

बाहेर व्हरांड्यात तू माझ्यासमोरून गेलास. वहिनी क्षणभर थांबल्या. बोलल्या, "कागद आणलात." बस्स, एवढंच. मग तुझ्या मागोमाग जिना उतरल्या.

आज सकाळी मी गेटवर गेलो तेव्हा वाटलेलं, आत घेणार नाहीत. घेतलं. फोन जमा करून घेतला, वर पाठवलं. मला कळेना, हे असं का.

प्रफुल्ल


ठाणे, ११ मार्च २०२५

प्रिय रवी,

मला का ठेवलं ते आता कळलंय. तुलाही थोडं माहीत असेल, पण सलग सांगतो.

माझी साक्ष झाल्यावर कंपनीला भीती वाटली. तो कागद कोर्टात गेलेला, चांगदेव आणि विमलाबाईही दीप्तीबाईंना भेटून आलेले. सरकारी माणसं येऊन खोली बघतील असं वकिलांनी सांगितलं. डिसेंबरात चांगदेवला परत क्रेनवर घेतलं. पत्र मिळालं तेव्हा तो बोलला, "सायेब, तुमी लय वंगाळ मानूस हाव. पन बोललाव ते बरं केलंव." आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. विमलाबाई जानेवारीत पॅकिंगला गेली. जाताना आपली खुर्ची उचलून भिंतीला लावून गेली. बाकीचे तिघेही आपापल्या खात्यात. जे आठ जण तुझ्याही आधी गेलेले, त्यांच्यापर्यंत कुणी पोचलं नाही. तुझ्याशी कंपनीने तडजोड केली, निवृत्तीपर्यंतचं उरलेलं वर्ष-दीड वर्ष टूलरूममध्ये, मधली वर्षं नोकरीत धरून. तू सही केलीस हे दीप्तीबाईंकडून कळलं.

खोलीची पाटी काढली. तिथे आता 'रेकॉर्ड रूम' असं लिहिलंय, आणि रेकॉर्डची जबाबदारी माझ्याकडे दिलीय. आत रेकॉर्ड एकही नाही. सगळं स्कॅन झालेलं आहे. कपाटं रिकामी आहेत. म्हणजे कागदोपत्री मला काम आहे, हुद्दा आहे, अन्याय कसलाच नाही. माझ्यावर चौकशीही लावलेली नाही, कारण चौकशी लावली तर तो कागद पुन्हा बाहेर येईल. मला काढत नाहीत. आता मी या खोलीत एकटा आहे, आणि साठ व्हायला अजून दोन वर्षं दोन महिने आहेत.

राजीनाम्याचा कोरा फॉर्म कुणीतरी टेबलावर ठेवून गेलंय. संचिताने नसावा ठेवला. ती फेब्रुवारीत दुसरीकडे गेली. मी तो भरत नाही. नीलाचं कार्ड चालू आहे तोपर्यंत भरणार नाही, आणि हे त्यांना माहीत आहे. त्यांना घाई नाही.

नीला आता बोलते. पूर्वीसारखं नाही, पण बोलते. परवा तिने विचारलं, "दिवसभर काय करता हो तिथे?" मी बोललो, "बसतो." ती बोलली, "कुणाशी बोलायला तरी?" मी नाही म्हटलं. तिने माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

आता काल संध्याकाळचं. तू माझ्यासमोरच होतास, तरी मला ते लिहून ठेवायचं आहे.

तुझा टूलरूमचा पहिला आठवडा झालेला. तू येशील असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दार उघडलं, तू उंबऱ्यात उभा. निळा डांगरी गणवेश, हाताला ग्रीस. तू आत आला नाहीस. रिकामी कपाटं बघितलीस, रंगवलेल्या काचा बघितल्यास, भिंतीला लावलेल्या खुर्च्या मोजल्यासारख्या बघितल्यास. मी उभा राहिलो. मला बोलायचं होतं, पण नऊ महिने जे तुला लिहीत होतो त्यातलं एक वाक्य तोंडात येईना.

तूच बोललास. "पत्रं वाचली मी. दर्शनाने ठेवलेली सगळी. गेल्या महिन्यात."

"रवी..."

"थांब. मला बोलू दे." तू हात पुसलेस. "मी गेटवर उभा असायचो ना, तेव्हा रोज मनात एकच. हा प्रफुल्ल एक दिवस तिथे एकटा बसलेला मला बघायला मिळू दे. म्हणून आज वर आलो. मला वाटलेलं, बघून बरं वाटेल."

मी विचारलं, "वाटलं?"

खाली कुणीतरी ग्राइंडर चालू केला, तो बंद होईपर्यंत थांबलास.

"नाही वाटलं," तू बोललास. "आईचं मी तुला माफ करणार नाही. ते होणारच नाही, त्याची वाट बघू नकोस. पण बरं नाही वाटलं."

आणि तू वळलास. मी दारापर्यंत आलो. त्यापुढे आलो नाही, कॅमेरा होता, रजिस्टर होतं. तुझी पावलं जिन्यावरून खाली गेली, टूलरूमचं दार उघडलं, लागलं, आणि मग मशीनचा आवाज सुरू झाला. तो तुझाच असणार. मी दारातच उभा राहून ऐकत होतो. मग आत आलो. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झालेली, साडेपाचला अजून वेळ होता. मी खुर्चीत बसलो.

प्रफुल्ल